गाजर गवताच्या नियंत्रणासाठी कीटक व रोग यांचा उपयोग

पावसाळ्यात शिरूर व दौंड या तालुक्यांतून जाणाऱ्यास रस्त्याच्या दोन्ही बाजूंस, लोहमार्गाच्या कडेला, पाटाच्या भरावांवर, गायरानात आणि गावाच्या उकिरड्याभोवती एकच झुडूप दाटीने उभे असलेले दिसते. पाने गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, उंची कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंत, आणि शेंड्यावर बारीक पांढरी फुले. यालाच गाजर गवत म्हणतात. कोठे त्यास काँग्रेस गवत, तर कोठे चटक चांदणी असे नाव आहे. नावात गवत असले तरी ते गवत नव्हे. सूर्यफूल, करडई व खुरासणी ज्या कुळातील आहेत, त्याच कुळातील हे झाड आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते, म्हणून ती येथेच ध्यानात ठेवावी.

या तणाचा उपद्रव शेतकऱ्यास सांगावयास नको. बाजरी, कांदा, भाजीपाला व उसाच्या कडेने ते वाढते व पिकाचे पाणी व खत घेते. गायरानात ते पसरले की जनावरांना चारा उरत नाही. दुभत्या जनावराच्या पोटात ते गेले तर दुधास कडवट चव येते. परंतु सर्वांत मोठी हानी माणसाची होते. या झाडात पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते अंगास वारंवार लागल्याने हात, मान व चेहरा यांची आग होते, पुरळ उठते व कातडी जाड होते. फुलोऱ्याच्या दिवसांत परागामुळे काहींना शिंका व दमा यांचा त्रास होतो. निंदणी-खुरपणी करणाऱ्या स्त्रियांना हा त्रास अधिक सोसावा लागतो, कारण त्यांचे हात रोजच या झाडास लागतात.

या तणाविरुद्ध खुरपे व तणनाशक ही दोन साधने सर्वांस माहीत आहेत. तिसरे साधन म्हणजे त्या तणावरच जगणारा कीटक. या लेखात त्या तिसऱ्या साधनाची शक्ती व मर्यादा सांगितली आहे. कीटकाचे काम कोणते व माणसाचे काम कोणते, याची वाटणी समजून घेतली तरच त्याचा लाभ होतो.

हे तण कोठून आले

गाजर गवत मूळचे मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या व उष्ण अमेरिकेच्या प्रदेशातील आहे. आपल्या देशात त्याचा उपद्रव सुरू झाल्याची नोंद पुण्याची आहे. १९५५ मध्ये पुण्यात केरकचऱ्याच्या ढिगांवर ते आढळले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये ती माहिती प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेच्या गव्हाबरोबर हे बी आले, असे सर्वत्र सांगितले जाते. तथापि त्या योजनेचा भारताशी पहिला करार १९५६ च्या ऑगस्ट महिन्यात झाला, म्हणजे पुण्यात हे झाड दिसल्यानंतर. अमेरिकेचे धान्य मात्र १९५१ पासूनच मदत म्हणून येत होते. तेव्हा परदेशी धान्याबरोबर बी आले असणे संभवते, पण त्याचा दोष एका योजनेच्या माथी मारणे बरोबर नाही.

पुण्याहून शिरूर व दौंड फार दूर नाहीत. मालमोटारी, आगगाड्या, शेणखताच्या गाड्या, पाटाचे पाणी व वारा यांच्याबरोबर बी इकडे येण्यास वेळ लागला नाही. एका चांगल्या पोसलेल्या झाडास १५ ते २५ हजार बिया येतात. बी अतिशय हलके असते. ओल मिळताच ते उगवते, महिना-दीड महिन्यात झाडास फुले येऊ लागतात आणि तीन-चार महिन्यांत एक पिढी पुरी होते. पाटाच्या कडेला वर्षभर ओल असल्याने तेथे एका वर्षात एकाहून अधिक पिढ्या होतात.

कीटकाचा उपयोग कोणत्या तत्त्वावर होतो

प्रत्येक झाडावर त्याच्या मूळ देशात काही कीटक व रोग जगत असतात. ते पाने खातात, खोड पोखरतात, बी होऊ देत नाहीत. त्यामुळे झाड आपल्या मर्यादेत राहते. बी परदेशी जाते तेव्हा हे शत्रू मागे राहतात. नव्या देशात झाडास अडविणारे कोणी नसते व ते मोकाट वाढते. म्हणून मूळ देशात जाऊन त्याचा असा शत्रू शोधावयाचा, की जो त्या एकाच झाडावर जगतो. तो पिकांवर जगत नाही याची बंद प्रयोगशाळेत खात्री करून घ्यावयाची आणि मगच तो बाहेर सोडावयाचा. यास जैविक नियंत्रण म्हणतात.

असा कीटक तणाचे समूळ उच्चाटन करीत नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. तण कमी झाले की कीटकाचे अन्न कमी होते व त्याची संख्या उतरते. मग राहिलेले बी पुन्हा उगवते व कीटक पुन्हा वाढतो. या चढउतारात तण पूर्वीच्या मानाने खालच्या पातळीवर राहते, एवढाच त्याचा लाभ. परंतु तो लाभ दरवर्षी, मजुरीवाचून, आणि माणूस ज्या माळावर कधीच खुरपे चालविणार नाही तेथेही मिळतो.

निवडुंगाचा धडा

ही रीत आपल्या देशास नवी नाही. फड्या निवडुंग हा अमेरिकेतूनच आलेला. एके काळी दख्खनच्या गावांभोवती त्याची दाट बने होती. पुण्याच्या नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या नावात त्याची आठवण अजून राहिली आहे.

ईस्ट इंडिया कंपनीस किरमिजी रंग देणारा कोचिनील किडा हवा होता. हा किडा निवडुंगावर जगतो. तो डाळिंब व सीताफळावरील पिठ्या ढेकणासारखा असून त्याच्या अंगावर कापसासारखे पांढरे आवरण असते. १७९५ साली ब्राझीलमधून किडे आणले गेले, पण ते रंगाचे उत्तम किडे नव्हते, त्यांच्याच जातकुळीतील दुसरे होते. रंगाचा व्यवसाय साधला नाही. मात्र निवडुंगाची एक जात त्यांनी झपाट्याने नष्ट केली. हे पाहून १८६३ नंतर तेच किडे दक्षिण भारतात व सिलोनमध्ये मुद्दाम नेण्यात आले. तणावर मुद्दाम परका कीटक सोडण्याच्या जगातील अगदी पहिल्या उदाहरणांत याची गणना होते.

तथापि या किड्याने निवडुंगाच्या दुसऱ्या जातींस तोंड लावले नाही. त्या जाती पसरतच राहिल्या. त्यांच्यासाठी कोचिनीलचीच वेगळी जात शोधावी लागली. ती १९२६ मध्ये सिलोनमधून आणण्यात आली आणि पुढील काही वर्षांत तिने दक्षिणेतील निवडुंगाची हजारो एकर बने बसविली. त्याच काळात ऑस्ट्रेलियात सुमारे सहा कोटी एकर जमिनीवर निवडुंग माजला होता. तेथे १९२५ मध्ये अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्यांनी तो पोखरून टाकला.

यातून दोन गोष्टी शिकावयाच्या. कीटक आपले झाड नेमके ओळखतो, म्हणून तो पिकास भिववीत नाही. आणि तो आपलेच झाड ओळखतो, म्हणून एका तणाचा कीटक दुसऱ्या तणावर चालत नाही. गाजर गवताचा भुंगा घाणेरीवर किंवा हरळीवर सोडून काही उपयोग नाही.

मेक्सिकन भुंगा

गाजर गवतासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोतून एक लहान भुंगा बंगळुरू येथे आणण्यात आला. त्याचे शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकोलोराटा असे आहे. शेतकरी त्यास मेक्सिकन भुंगा म्हणून ओळखतात. अनेक पिकांवर चाचणी घेतल्यानंतर १९८४ मध्ये तो बंगळुरू भागात मोकळा सोडण्यात आला. पहिली तीन-चार वर्षे त्याचा विशेष प्रभाव दिसला नाही. त्यानंतर मात्र त्याची संख्या एवढी वाढली, की गाजर गवताची मोठमोठी राने निष्पर्ण झाली. पुढे तो देशाच्या अनेक भागांत पसरला व पसरविला गेला. महाराष्ट्रातही तो आहे.

पूर्ण वाढलेला भुंगा ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा असतो. पाठ मळकट पांढरी असून तिच्यावर काळसर तपकिरी नागमोडी रेघा असतात. मादी पानांच्या खालच्या बाजूस अंडी घालते. चार ते सहा दिवसांत अळी बाहेर पडते. लहान अळ्या शेंड्यातील व पानांच्या बेचक्यांतील कोवळे कोंब खातात, त्यामुळे फुलोरा येण्याचे थांबते. मोठ्या अळ्या व भुंगे पाने खातात. दहा-पंधरा दिवसांनी अळी जमिनीत उतरते, मातीत कोष करते आणि आठ-दहा दिवसांनी त्यातून भुंगा बाहेर येतो. अशा रीतीने सुमारे एका महिन्यात एक पिढी होते. पावसाळ्यात तीन-चार पिढ्या होऊ शकतात.

पावसाळा सरून थंडी व कोरडी हवा सुरू झाली, की भुंगे मातीत शिरून स्वस्थ पडून राहतात. हिवाळा व उन्हाळा ते काही न खाता काढतात आणि पुढच्या वर्षी पहिल्या चांगल्या पावसाने माती भिजली की वर येतात. शिरूर व दौंड भागातील कामाची सारी आखणी या एका सवयीवरून करावयाची आहे.

हा भुंगा पिकावर जाईल काय?

ही शंका रास्त आहे आणि ती एकदा प्रत्यक्ष उभी राहिली होती. १९९१ च्या सुमारास कर्नाटकात काही ठिकाणी हे भुंगे सूर्यफुलाची पाने खाताना आढळले. केंद्र शासनाने नवे भुंगे सोडणे थांबविले व चौकशीसाठी समिती नेमली. तपासाअंती असे दिसून आले, की शेजारच्या गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडलेले असताना भुंगे त्या वासाने पाने कुरतडतात, पण सूर्यफुलावर त्यांची वंशवृद्धी होत नाही. गाजर गवत व सूर्यफूल एकाच कुळातील आहेत, हे येथे आठवावे.

म्हणून सूर्यफुलाच्या शेताला लागून भुंगे सोडू नयेत आणि सूर्यफुलाच्या बांधावर गाजर गवत फुलावर येऊ देऊ नये. परागच नसतील तर भुंग्यास तेथे जाण्याचे कारण उरत नाही. बाजरी, ज्वारी, कांदा व ऊस या पिकांना या भुंग्यापासून भय नाही.

तपासणी किती कडक असते याचेही एक उदाहरण देण्यासारखे आहे. गाजर गवताच्या खोडात गाठी करणारा एक पतंग ऑस्ट्रेलियात यशस्वी ठरला होता. तो बंगळुरू येथे आणून तपासला असता खुरासणीच्या झाडावरही वाढतो असे आढळले. त्याबरोबर तो सोडण्याचा विचार सोडून देण्यात आला व जमविलेले कीटक नष्ट करण्यात आले. परदेशातून असे कीटक शासनाच्या परवानगीवाचून आणता येत नाहीत, त्याचे कारण हेच.

रोगांचा उपयोग

पिकावर तांबेरा पडतो तसा तणावरही पडतो. तांबेऱ्याच्या बुरशीला ठराविकच झाड लागते, म्हणून या कामी तिच्याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. १९७१ मध्ये ऑस्ट्रेलियाने गव्हातील एका तणावर युरोपातून तांबेरा आणून सोडला व त्या तणाची सर्वांत सामान्य जात आटोक्यात आली. परंतु तांबेरा ज्यांना लागत नव्हता त्या त्याच तणाच्या दुसऱ्या जाती पुढे वाढल्या. निवडुंगाचाच धडा येथे पुन्हा मिळाला. आपल्या देशात २००५ व २००६ मध्ये आसाम व केरळात मिकॅनिया या वेलीवर असा तांबेरा सोडण्यात आला, परंतु तो तेथे टिकून राहिला नाही.

गाजर गवतावरही एक तांबेरा आपल्या देशात आढळतो. त्यास थंड व दमट हवा मानवते. शिरूर व दौंड हे पर्जन्यछायेतील कोरडे तालुके असल्याने त्याच्यावर येथे भिस्त ठेवता येत नाही.

कधी कधी गाजर गवताच्या फुलांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके झालेले दिसतात. हा रोग आहे व त्यामुळे बी धरत नाही. हे पाहून ती रोगट झाडे इतरत्र लावण्याचा मोह होण्यासारखा आहे, पण तसे करू नये. या प्रकारचा रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो व तिळासारख्या पिकांवरही येतो. तसेच गाजर गवताचे खोड कुजविणारी एक बुरशी भुईमुगाचेही खोड कुजविते. जो रोग तणाबरोबर पिकासही लागतो तो शेतकऱ्याच्या कामाचा नाही. सारांश, आपल्या भागात आज हाती घेण्यासारखे साधन मेक्सिकन भुंगा हेच आहे.

शिरूर व दौंड भागात कामाची वाटणी

या दोन तालुक्यांत पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी पडतो. जून-जुलैत तो तुटक असतो व बहुधा सप्टेंबरात भरवशाचा होतो. मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर गाजर गवताचे बी उगवते आणि भुंगेही मातीतून वर येतात. पण झाड जुलैअखेर फुलावर येऊ लागते, तर भुंग्याची त्या वेळी पहिली पिढीच पुरी होत असते. म्हणजे तणाची पहिली उगवण भुंग्याच्या तावडीतून बरीचशी निसटते. ऑगस्ट-सप्टेंबरात दुसरी व तिसरी पिढी होते, तेव्हा भुंग्याची खरी फौज उभी राहते. नोव्हेंबरानंतर भुंगा झोपतो. तण मात्र उसाच्या पाटावर, विहिरीच्या थारोळ्याभोवती व रब्बीच्या ओलिताखाली उगवतच राहते.

यावरून पुढील वाटणी करावी.

जून-जुलै: शेतातील, बांधावरील व घराभोवतालची रोपे फुले येण्यापूर्वी मुळासकट उपटावीत. विळ्याने वरचेवर कापू नयेत, कारण बुडातून ती पुन्हा फुटतात. गायरान, माळ व रस्त्याच्या कडेचे पट्टे पाहावेत. तेथे पानांस भोके पडलेली, शेंडे खुडल्यासारखे व पानांखाली पिवळसर अळ्या दिसल्या, तर ते पट्टे भुंग्यासाठी राखावेत.

ऑगस्ट-सप्टेंबर: राखलेल्या पट्ट्यांना हात लावू नये. जेथे भुंगे नाहीत तेथे या महिन्यांत आणून सोडावेत.

ऑक्टोबर ते मे: हे माणसाचे काम. पाटाच्या कडेचे व ओलिताचे तण या महिन्यांत उपटून काढावे, कारण भुंगा त्या वेळी मदतीस येणार नाही. राखलेल्या पट्ट्यांतील जमीन नांगरू नये व वाळलेले तण तेथे पेटवू नये. पुढील वर्षाचे भुंगे त्याच मातीत निजलेले असतात.

येथे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका गोष्टीचा विशेष विचार करावा. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. गावोगाव शाळा व ग्रामपंचायती त्यात उत्साहाने भाग घेतात व सरसकट गवत उपटतात. हेतू उत्तम आहे. पण नेमक्या त्याच दिवसांत भुंग्याच्या अळ्या झाडांवर असतात. उपटलेल्या झाडाबरोबर अंडी व अळ्याही मरतात आणि गाव आपलाच सोबती आपल्या हाताने मारते. तेव्हा मोहिमेपूर्वी एक दिवस फिरून झाडे पाहावीत. भुंगे असलेले पट्टे खुणा करून वगळावेत आणि मोहीम शाळेचे आवार, पाण्याच्या जागा, वस्त्या व शेते येथे चालवावी. सर्वच जागा साफ करणे अपरिहार्य असेल, तर भुंगे व मोठ्या अळ्या आधी गोळा करून दुसऱ्या पट्ट्यात नेऊन सोडाव्यात.

भुंगे गोळा करणे व सोडणे

ज्या गावी भुंगे विपुल असतील तेथून ते सकाळी लवकर वेचावेत. प्लॅस्टिकच्या बरणीच्या झाकणास बारीक छिद्रे पाडून किंवा तोंडास पातळ फडके बांधून आत गाजर गवताचा कोवळा पाला घालावा व त्यात भुंगे ठेवावेत. बरणी उन्हात किंवा मोटारीच्या बंद टपावर ठेवू नये. त्याच दिवशी सायंकाळी ते सोडावेत. पुणे येथील कृषी महाविद्यालयात जैविक कीडनियंत्रणाचे केंद्र आहे. भुंग्याची ओळख पटविण्यासाठी तेथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करावी.

सोडण्यासाठी कोवळे, फुलावर न आलेले व दाट तण असलेली जागा निवडावी. एका जागी पाचशे ते हजार भुंगे सोडावेत. दहा येथे व दहा तेथे असे विखरून सोडल्यास नर-मादीची गाठ पडत नाही व सारे श्रम वाया जातात. ती जागा तणनाशक व कीटकनाशक यांच्या फवाऱ्यापासून दूर असावी. शेजारच्या कांद्यावर फवारलेले औषध वाऱ्याने आले तरी भुंगे मरतात.

पहिल्या वर्षी काहीच दिसले नाही, म्हणून निराश होऊ नये. बंगळुरूस तीन-चार वर्षे लागली. आपल्याकडे पाऊस कमी असल्याने त्याहून अधिक वेळ लागणे संभवते. दुसऱ्या वर्षी जुलैत त्याच जागी जाऊन पाने पाहावीत. एखादा भुंगा जरी दिसला तरी त्याने येथील उन्हाळा काढला असे समजावे.

भुंग्याने तण खुरटविलेल्या जागी दुसरी उपयुक्त वनस्पती वाढू दिली पाहिजे. मोकळ्या जमिनीवर पुन्हा गाजर गवतच येते. पावसापूर्वी माळावर टाकळ्याचे बी टाकावे व तरवडाची झुडपे तोडू नयेत. त्यांच्या दाट सावलीत गाजर गवताची रोपे दबतात.

गवत उपटणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, अंगभर कपडे व नाकातोंडास फडके बांधावे. ज्यांना खाज किंवा दमा आहे त्यांना व लहान मुलांना हे काम देऊ नये. फुले येण्यापूर्वी उपटलेले तण शेणकाल्याबरोबर खड्ड्यात कुजवून चांगले खत होते. बी धरलेले तण मात्र खताच्या खड्ड्यात टाकू नये, नाही तर खताबरोबर बी शेतभर पसरते.

जलपर्णी

दौंड तालुक्यात मुळा-मुठा व भीमा यांच्या काठच्या गावांना दुसरे एक परदेशी तण पीडा देते, ते म्हणजे जलपर्णी. तीही मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्यासाठी नेओचेटिना नावाचे दोन जातींचे सोंडे भुंगे १९८२-८३ च्या सुमारास आपल्या देशात आणले गेले. भुंगे पाने खरवडतात, अळ्या देठ पोखरतात व झाड सडून बुडते. बंगळुरूजवळच्या तलावांत त्यांनी काही वर्षांत चांगले काम केले.

परंतु तलाव व वाहती नदी यांत फरक आहे. पावसाळ्यातील पुराबरोबर जलपर्णी वाहून जाते व तिच्यावर वाढलेले भुंगेही वाहून जातात. त्यांना दरवर्षी नव्याने आरंभ करावा लागतो. शिवाय पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी नदीत उतरत असल्याने जलपर्णीस भरपूर खत मिळते व भुंगे खातात त्याहून ती वेगाने वाढते. म्हणून हे भुंगे साचलेल्या पाण्याच्या तलावांत अधिक उपयोगी पडतात. नदीसाठी सांडपाणी शुद्ध करणे व जलपर्णी काढणे यांस पर्याय नाही. नदीकाठच्या गावांनी भुंग्याच्या भरवशावर राहून ही मागणी सैल करू नये.

समारोप

गाजर गवत आपल्या भागात आले त्यास सात दशके होत आली. ते आता पूर्णपणे नाहीसे होईल अशी आशा कोणी धरू नये व तसे आश्वासनही कोणी गावास देऊ नये. परंतु शेतातील व घराजवळील तण माणसाने आणि माळावरील तण भुंग्याने, पावसाळ्यात भुंग्याने आणि ओलिताच्या दिवसांत माणसाने, अशी कामाची वाटणी करून ती चार-पाच वर्षे नेटाने पाळली, तर तणाचा जोर निश्चित कमी होतो व खुरपणाऱ्या हातांचा त्रासही हलका होतो. त्याचा आरंभ अगदी सोपा आहे. येत्या ऑगस्टमध्ये गवताला हात घालण्यापूर्वी त्याचे पान उलटून पाहावे. तेथे अळी दिसली, तर ते झाड तसेच राहू द्यावे.